ज्वारीचा हिशेब कडब्यापासून सुरू होतो

फेब्रुवारी सरत आला होता आणि मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात ज्वारीची काढणी चालू होती. आमच्याकडे ज्वारी विळ्याने कापत नाहीत, उपटतात. ताट बुडाशी दोन्ही हातांनी धरायचं, जरासा पीळ द्यायचा आणि ओढायचं. तोवर जमीन भेगाळून दगडासारखी झालेली असते. तासाभरात तळहात सोलून निघतात, म्हणून बायका हाताला जुनं फडकं गुंडाळूनच पात धरतात. मी एक पात कशीबशी पुरी केली आणि बांधावर येऊन बसलो. मामा पेंढ्या मोजत होते.

“मामा, सगळं जाऊन उरतं काय ह्यात?”

“दाण्यात काय उरत न्हाई बग. दाणा घरी खायला. उरलं तर कडब्यात उरतं.”

कडबा म्हणजे कणसं खुडल्यावर उरलेली वाळकी ताटं, जनावरांची वैरण. सरकारी तक्त्यात ज्वारी हे तृणधान्य आहे. मामांच्या लेखी ती आधी वैरण आहे, मग धान्य. ज्वारीचं क्षेत्र का घटलं, भाव वाढूनही लोक तिच्याकडे का वळत नाहीत आणि तरीही काहीजण तिला का सोडत नाहीत, हे समजून घ्यायचं तर मामांच्या बाजूने हिशेब मांडावा लागतो.

एक एकर कोरडवाहू रब्बी ज्वारी घेऊ. जमीन मध्यम ते भारी, पाऊस बरा झालेला. आकडे समजण्यापुरते आणि मुद्दाम गोल धरतो. गावागणिक, वर्षागणिक ते बदलतात. दाणे निघाले ५ क्विंटल, भाव मिळाला ३,००० रुपये, म्हणजे १५,०००. कडबा झाला ४०० पेंढ्या, शेकडा २,००० रुपयांनी ८,०००. आता खर्च. नांगरट, कुळवणी, पेरणी ट्रॅक्टरने ४,०००. बी आणि खत २,०००. खुरपणी, कोळपणी २,०००. काढणी, कणसं खुडणं आणि पेंढ्या बांधणं उक्तं दिलं तर ५,५००. मळणी आणि वाहतूक १,५००. बेरीज १५,०००. दाण्याने खर्च फेडला, हातात राहिला तो कडबा. घरच्या माणसांनी महिनाभर पाखरं राखली, रात्री रानडुकरांसाठी शेतात झोपले, त्याची मजुरी यात धरलेलीच नाही.

या हिशेबातली एक गोष्ट फार मोलाची आहे. दाणा आणि कडबा ही एकाच ताटाची दोन उत्पन्नं, पण ती बहुधा एकाच वेळी पडत नाहीत. पाऊस कमी झाला की दाणा घटतो, पण त्याच वर्षी चारा महागतो आणि कडब्याचा शेकडा चढतो. पाऊस भरपूर झाला की दाणा चांगला येतो, पण जिकडेतिकडे हिरवा चारा असल्याने कडब्याला गिऱ्हाईक कमी. एक बाजू पडते तेव्हा दुसरी सावरते. विमा कंपन्या यायच्या कितीतरी आधी शेतकऱ्याने हा विमा पिकातच उतरवून ठेवला होता. पार दुष्काळ पडला आणि ताटं गुडघ्याएवढीच राहून बाटूक झालं, तर मात्र दोन्ही जातं.

हे पीक पाण्यावर येत नाही, ओलीवर येतं. भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन ठेवते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी होते आणि नंतर साडेतीन-चार महिने, पुष्कळदा एकही पाऊस न लागता, मुळं खोल जात तीच ओल शोधत राहतात. म्हणून कोळपणी नुसती तण मारायला नसते. कोळप्याने वरची माती मोकळी होते, भेगा बुजतात, ओल उडून जात नाही. उथळ जमिनीत दाणा भरायच्या वेळीच ओल संपते. ताट आतून पोकळ होतं, खडखड्या रोग लागतो आणि उभं पीक लोळतं. अशा शेतीत उत्पन्नाची वरची मर्यादा जमिनीच्या पोटातल्या पाण्याने ठरवलेली असते. बियाणं कितीही सुधारलं तरी ते पाणी आणत नाही. रब्बी ज्वारीत संकरित वाणांनी खरिपासारखी क्रांती का केली नाही, याचं मोठं कारण हे आहे.

मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेलं एम ३५-१ हे वाण स्वातंत्र्याच्या आधीचं. आज आजोबा-नातू दोघेही तेच पेरताना दिसतात. त्यानंतर राहुरीच्या विद्यापीठाने फुले वसुधा, फुले सुचित्रा, फुले रेवती दिली, परभणीच्या विद्यापीठाने परभणी मोती दिली, जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगळी वाणं सुचवली. ही वाणं चांगली आहेत, लोक पेरतातही. पण नवं बी हातात घेतल्यावर शेतकरी दोन प्रश्न हमखास विचारतो: भाकरी कशी होते, आणि कडबा जनावर खातं का? एकरी दोन क्विंटल जास्त देणारं पण बुटकं, जाड धाटाचं वाण त्याला नको असतं. त्याला हट्टी म्हणणाऱ्यांनी वरचा हिशेब पुन्हा पाहावा. नफा सगळा कडब्यात असेल, तर कडबा घटवणारं वाण तो कशासाठी घेईल?

खरिपाची गोष्ट अगदी वेगळी. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातलं ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं आणि विदर्भ, मराठवाडा, खानदेशात ‘हायब्रीड’ पसरलं. उत्पन्न दुपटीने वाढलं असं सांगणारी माणसं अजून भेटतात. १९७२ च्या दुष्काळात बाहेरून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्लेल्या पिढीला त्याची किंमत कळत होती. मात्र एक अडचण होती. जुनी उंच खरीप ज्वारी दिवस लहान झाल्यावरच निसवायची, म्हणजे कणसं बाहेर टाकायची. दाणा भरेपर्यंत पाऊस गेलेला असायचा. हायब्रीड शंभर-एकशेदहा दिवसांत तयार होतं, म्हणजे नेमकं परतीच्या पावसात सापडतं. कणीस भिजलं की दाण्यावर बुरशी येते, ज्वारी काळी पडते. काळ्या ज्वारीची भाकरी कुणी खात नाही. ती कोंबडीखाद्याला, नाहीतर मद्यार्काच्या कारखान्याला जाते आणि भाव तिथला मिळतो. माणसाच्या ताटासाठी पिकवलेलं धान्य शेवटच्या पंधरा दिवसांत पशुखाद्याच्या भावाचं होतं. तेवढ्यात सोयाबीन आलं. तीन-साडेतीन महिन्यांत रान मोकळं, पाखरांचा त्रास नाही, मळणी यंत्रावर, पैसा रोख. नव्वदच्या दशकापासून खरीप ज्वारीचं रान सोयाबीनने जवळजवळ गिळलं. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारीखाली ६० लाख हेक्टरांहून जास्त जमीन होती. आता ते क्षेत्र त्याच्या एक तृतीयांशाच्याही खाली गेलं आहे, आणि उरलेल्यात मोठा वाटा रब्बीचा.

हमीभाव वाढवला तर ज्वारी परत येईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. २०१७-१८ मध्ये संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला १,७०० रुपये होता. पुढच्याच वर्षी तो २,४३० झाला. २०२५-२६ साठी तो ३,६९९ आहे आणि मालदांडीसाठी ३,७४९. आठ वर्षांत दुपटीहून जास्त वाढ झाली, आणि त्याच काळात महाराष्ट्रातली ज्वारी कमीच होत गेली. जाहीर झालेला भाव गावात पोचायला खरेदी केंद्र लागतं, वेळेवर लागतं, आणि ज्वारीची सरकारी खरेदी हरभरा-तुरीइतकी सवयीची कधी झाली नाही. जाहीर होतो तो खरीप हंगामाच्या यादीत, आमची ज्वारी निघते फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणून वरच्या हिशेबात मी हमीभाव न धरता ३,००० धरले.

हमीभाव काढायची रीतही थोडी समजून घेण्यासारखी आहे. बियाणं, खत, मजुरी असे प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाची धरलेली किंमत मिळून उत्पादन खर्च काढतात. २०२५-२६ साठी ज्वारीचा असा खर्च क्विंटलला २,४६६ रुपये धरला होता. त्याच्या दीडपट म्हणजे ३,६९९. आता यातली खोच. एकरी खर्च सगळाच्या सगळा दाण्यावर टाकत नाहीत. दाणा आणि कडबा यांच्या किमतीच्या प्रमाणात तो वाटतात. आपल्या उदाहरणात एकूण २३,००० पैकी दाण्याचे १५,०००, म्हणजे सुमारे ६५ टक्के. तर १५,००० खर्चातले ९,८०० च्या आसपास दाण्यावर पडले, क्विंटलला साधारण १,९६०. समजा पुढच्या साली कडब्याचा शेकडा ४,००० झाला. मग दाण्याचा हिस्सा अर्ध्याच्या खाली येतो आणि क्विंटलचा खर्च कागदावर १,४५० पर्यंत उतरतो. शेतात घातलेला पैसा तेवढाच राहिला, दाणा पिकवणं मात्र ‘स्वस्त’ दिसू लागलं.

कडबा विकणाऱ्यासाठी ही वाटणी रास्त आहे, कारण त्याच्या हातात त्याचे पैसे आलेले असतात. पण ज्याचा कडबा स्वतःच्याच दावणीला जातो, त्याला ती रक्कम कधीच रोख दिसत नाही. ती दुधात आणि शेणखतात मुरते. हमीभावातला मालदांडीचा फरकही बघा: ५० रुपये. बाजारात मात्र बार्शी, करमाळा, जामखेडला टपोरी, मोत्यासारखी चमकदार मालदांडी आणि पाऊस लागलेली खरीप ज्वारी यांच्यात यापेक्षा कितीतरी मोठं अंतर पडतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अभिमान गावात आहे, पण अजून बहुतेक पोती बाजारात साधी ज्वारी म्हणूनच उभी राहतात.

भाव इतका वरखाली का होतो, हेही याच्याशी जोडलेलं आहे. सोयाबीन पिकवणारा जवळपास सगळं विकतो. ज्वारी पिकवणारा आधी वर्षाचं खाणं बाजूला काढतो, बियाणं ठेवतो, लेकीकडे एक पोतं धाडतो, मजुरांना देण्यापुरती राखतो. उरली ती बाजारात. पिकात थोडी घट आली की आधी बाजारातली ज्वारी आटते, घरातली नाही. म्हणून भाव एकदम उसळतो आणि पुढच्या वर्षी पीक बरं आलं की तसाच आपटतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या वर्षी ज्वारी गव्हापेक्षा महाग विकली गेली, शहरातल्या लोकांनी ती महागाई बोलून दाखवली. पुढच्या हंगामात जास्त पेरा झाला, माल आला आणि भाव खाली आले. त्या तेजीवर भरवसा ठेवून पेरलेल्यांनी पुन्हा हरभरा धरला.

पूर्वी अशी पडती किंमत शेतकरी थोडीफार टाळू शकायचा, कारण त्याच्याकडे पेव होतं. जमिनीत खोल खणलेल्या, आतून कडबा-भुसा लावलेल्या पेवात ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. आत हवा राहत नाही म्हणून कीड जगत नाही; त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर माणसाने आत उतरायचं नाही, हा दंडक होता. पेव भरलेलं असलं की माणूस पडेल भावाला विकत नव्हता. ‘पेव फुटणं’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पेव मात्र आमच्या गावात एकही भरलेलं नाही. आता मळणी झाली की दुकानाची उधारी, सोसायटीचं कर्ज आणि लग्नसराई एकदम दारात उभी असते. ज्वारी पोत्यासकट जाते.

भावाइतकाच, माझ्या मते भावापेक्षा मोठा प्रश्न मजुरीचा आहे. वरच्या हिशेबात काढणीचा आकडा पुन्हा पाहा: एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. हरभरा हार्वेस्टरने तासाभरात निघतो. मालदांडी पुरुषभर उंच, कधी त्याहून जास्त. ती हार्वेस्टरमध्ये घातली तर दाणा मिळतो, पण कडब्याचा चुरा होतो, आणि कडबाच गेला तर उरलं काय? म्हणून माणसंच लागतात. उपटायला जोड्या, मग कणसं खुडायला बायका, मग पेंढ्या बांधायला जाणता माणूस, कारण सैल पेंढी गाडीत चढेस्तोवर सुटते. ही टोळी मिळवायला हल्ली आठ-आठ दिवस फोन करावे लागतात. ताट न मोडता कापून पेंढी बांधणारं, कोरडवाहू शेतकऱ्याला भाड्याने परवडेल असं यंत्र गावोगाव पोचलं, तर ज्वारीसाठी ते हमीभावातल्या दोनशे रुपयांच्या वाढीपेक्षा जास्त उपयोगाचं ठरेल, असं मला ठामपणे वाटतं.

आणि पाखरं. हे बाहेरच्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. सगळं शिवार ज्वारीचं असलं की पाखरं सगळीकडे वाटली जातात, प्रत्येकाचं थोडं जातं. शेजाऱ्यांनी हरभरा, ऊस, कांदा लावला आणि तुमची एकट्याची दीड एकर ज्वारी हुरड्यात आली, की पंचक्रोशीतली पाखरं तुमच्याकडे. पहाटेपासून गोफण घेऊन माळ्यावर माणूस उभा पाहिजे. तो माणूस कुठून आणायचा? मुलं शाळेत, तरुण पोरं कामाला पुण्याला. मग पुढच्या वर्षी तोही ज्वारी सोडतो आणि त्याच्यामुळे जो उरला त्याचं नुकसान आणखी वाढतं. क्षेत्र एकदा कमी व्हायला लागलं की ते आपोआप आणखी कमी का होतं, त्याचं हे एक कारण. मळणीयंत्रवाल्याचंही तेच: एका एकरासाठी तो येत नाही.

ओलीताखालच्या भागात तर तुलनाच होत नाही. उजनीचं पाणी आलं तिथे ऊस गेला. उसाला ठरलेला भाव आहे, कारखाना टोळी पाठवतो, राखण नाही. पाणी असून ज्वारी करणाऱ्याला गावात लोक विचारतात, काय झालं, कारखान्याची नोंद मिळाली नाही का?

दुसऱ्या टोकाला खाणारा आहे. रेशनवर गहू-तांदूळ आधी दोन-तीन रुपयांनी आणि जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतो. ते गरिबाच्या घरासाठी गरजेचंच आहे, पण त्याने कोरडवाहू भागातल्या पोराच्या ताटात भाकरीच्या जागी चपाती आली हेही खरं. शिवाय गव्हाचा आटा पुडीत महिनोन्‌महिने टिकतो. ज्वारीच्या पिठाचं तसं नाही. पंधरा-वीस दिवसांत त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते; मग आधणाचं पाणी घालून कितीही मळा, थापताना भाकरीला कडेने चिरा पडतात. त्यामुळे ज्वारी दळून विकणारा मोठा ब्रँड गव्हासारखा उभा राहिला नाही आणि शेतकऱ्याला कारखानदारीचं गिऱ्हाईक मिळालं नाही. सोलापूरच्या बायकांनी कडक भाकरीचा व्यवसाय उभा केला, तो या अडचणीवरचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपाय. पीठ टिकत नसेल तर भाकरीच टिकवायची. मुंबई-पुण्यापर्यंत ती भाकरी पाकिटातून जाते.

हुरड्याचंही थोडं तसंच. गुळभेंडी, सुरती, फुले मधुर अशा खास वाणांची कणसं आगटीत भाजून विकली तर त्याच ज्वारीचा किलोमागे कितीतरी पट पैसा होतो. पण तो धंदा शहराजवळ, रस्त्याकडेला जमीन असणाऱ्याचा. आडगावातल्या शेतकऱ्याला हुरडा म्हणजे पाहुण्यांना बोलावून खाऊ घालायची गोष्ट.

ज्वारीबद्दल शेतकऱ्याला काय वाटतं असं विचारलं, तर माझ्या अनुभवात दोन उत्तरं येतात आणि बहुधा एकाच माणसाकडून येतात. धंदा म्हणून ती नको. घर म्हणून ती पाहिजे. वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडे अख्खं गाव शेतात जेवतं, पाच पांडव मांडून त्यावर कडब्याचीच कोप उभी करतात. ते ज्वारीच्याच रानात शोभतं असं लोक मानतात. मामींना विकतच्या ज्वारीची भाकरी कमीपणाची वाटते. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, दर दोन महिन्यांनी एसटीने पोतं नेतो, पण ज्वारीसाठी गावी परत ये म्हटलं तर गप्प होतो. दोघांच्याही बोलण्यात खोटं काही नाही. लोकांनी भरडधान्य खावं म्हणून होणारी भाषणं मला पटतात, पण ऐकणाऱ्या शेतकऱ्याच्या खर्चातला एक रुपयाही ती कमी करत नाहीत.

माझ्या मते ज्वारीचं क्षेत्र ठरवणारी खरी जागा बाजार समिती नसून गोठा आहे. बैलजोडी गेली आणि ट्रॅक्टर आला की घरातली वैरणीची गरज एकदम खाली येते. दुधाच्या गाईंना हल्ली मक्याचा मुरघास घालतात, तो कडब्यापेक्षा सोपा पडतो. आमच्याकडचा ढोबळ अंदाज असा, की एका म्हशीला वर्षभर पुरेल इतका कडबा साधारण एका एकरात होतो. ज्याच्या दावणीला जनावर नाही त्याच्यासाठी कडबा ही घरची गरज न राहता तो विकायचा माल होतो, आणि तो माल अवजड, लांब न्यायला महाग, पावसात भिजला की वाया.

संध्याकाळपर्यंत निम्मं रान मोकळं झालं. मामा गंजीपाशी उभे राहून पेंढ्या रचून घेत होते, बुडखे बाहेर, शेंडे आत. मी विचारलं, पुढच्या सुगीला किती पेरणार.

“घरात माणसं सा. म्हशी दोन. दोन एकर पेरतू, बाकी हरभरा.”

“धाकट्या म्हशीला गिऱ्हाईक आलं होतं म्हणे?”

“व्हय. येऊन बघून गेला.”

“दिलीत तर?”

त्यांनी हातातली पेंढी वर फेकली, ती गंजीवर नीट बसली का ते पाहिलं.

“मग एक एकर.”